निधनवार्तेत चुकलेला एक शब्द

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असताना आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर माझ्या पत्नीच्या निधनाची चार ओळींची बातमी प्रसिद्ध झाली होती. वय ७१ वर्षे, पश्चात पती, मुलगा, सून, दोन मुली, जावई व नातवंडे असा परिवार, आणि सेवानिवृत्त शिक्षकाची पत्नी असलेली एक मनमिळाऊ गृहिणी, एवढे त्या बातमीत होते. आपल्या कार्यालयाने त्यातला एकही शब्द बदललेला नव्हता. तो मजकूर मीच त्या रात्री ओट्यावर बसून वहीच्या कागदावर लिहिला आणि पुतण्याच्या हाती दिला होता. सहा महिने उलटून गेल्यावर हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, त्या मजकुरातला एक शब्द मी चुकीचा लिहिला. माझी पत्नी शेतकरी होती. तिने ५४ वर्षे शेती केली, त्यातली ३४ वर्षे जवळजवळ एकटीने केली, आणि तिच्या मरणाच्या बातमीत शेताचा साधा उल्लेखही आला नाही. तिचे नाव त्या बातमीत छापून आलेले आहे, म्हणून ते येथे पुन्हा लिहीत नाही. जे तेथे आले नाही, ते आपण छापावे अशी विनंती आहे.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठापासून थोडे आत. सहा एकर काळी जमीन, तीही पुष्कळ वर्षे निव्वळ पावसावर अवलंबून. आमचे लग्न १९७१ च्या वैशाखात झाले आणि वर्ष होते न होते तोच १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा जळगावला अध्यापनाची पदविका घेत होतो. ती आणि माझी आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या, हे मला सुट्टीत घरी आल्यावर कळले. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्या वर्षी आमचे घर तगले. १९७४ मध्ये मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळाली ती रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की रावेरहून भुसावळ आणि भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने अमळनेर, असा माझा प्रवास असे. रात्री घरी पोचायचे आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा पिशवी उचलायची. २००८ मध्ये निवृत्त होईपर्यंत हेच चालले. मधल्या साऱ्या वर्षांत वखरणी कधी करायची, कोणत्या तुकड्यात कपाशी आणि कोणत्या तुकड्यात दादर म्हणजे रब्बी ज्वारी घ्यायची, खत किती आणायचे, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशेब कसा मिटवायचा आणि नवे साल किती रुपयांवर ठरवायचे, हे तिने ठरवले. मी रविवारी शेतात फेरी मारून यायचो आणि गावात लोक मला ‘शेती कशी काय, गुरुजी?’ असे विचारायचे. मी उत्तरही द्यायचो.

शेती ती नुसती राबून करत नव्हती, जाणून करत होती. हे सांगायचे तर कापसाचेच सांगितले पाहिजे. आमच्याकडे वेचणीला बायका सकाळी लवकर निघतात, पण ती बांधावर उभी राहून त्यांना थांबवायची. ‘दव शे अजून, थांबा,’ हे तिचे अहिराणीतले शब्द त्या शिवारात कित्येकांच्या कानात असतील. वेचून आणलेला कापूस घरात ओतला की ती त्यातले एक बोंडूक उचलायची, बोटांनी रुई बाजूला करून सरकीचा दाणा दाढेखाली धरायची आणि चावायची. दाणा कडक वाजून फुटला तर कापूस वाळला. नुसता दबला तर आणखी एक ऊन. आज खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचे यंत्र असते, ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला माल परत पाठवतात. तिच्या दाढेखालून गेलेला कापूस ओलाव्यासाठी परत आल्याचे मला आठवत नाही. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोके नखांच्या मुळाशी टोचतात आणि दिवाळीच्या सुमाराला वेचणाऱ्या बाईची बोटे चिरांनी भरलेली असतात. ती अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून, कमरेला ओटी बांधून उतरायची. लक्ष्मीपूजनाला पणत्या लावताना तिच्या त्या तीन बोटांवर चिंध्यांचे पांढरे वळ उमटलेले दिसायचे, हे मला आता दिसते. तेव्हा दिसत होते की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी नासवली, ते वर्ष वाचकांना आठवत असेल. बीटी बियाणे २००२ मध्ये आले तेव्हा अळीची चिंता मिटली असे सर्वांना वाटले होते. तिने मात्र दोन-तीन हंगाम आधीपासून कपाशीत फिरताना न उमललेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या डोमकळ्या वेचून काढायला आणि जाळायला सुरुवात केली होती. शेजारचे लोक फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून, एप्रिलपर्यंत उरलासुरला कापूस काढत असत. ती डिसेंबर संपताच कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला लावायची आणि त्या तुकड्यात हरभरा घ्यायची. उभी कपाशी ठेवली की अळीला घर मिळते, हे कृषी खात्याच्या पत्रकात मी वाचले ते नंतर. तिने ते शेतात पाहून ओळखले होते. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी होतो आणि चांगले पीक उपटून टाकते म्हणून तिच्याशी भांडलो होतो. त्या हंगामात आमचेही नुकसान झाले, पण आजूबाजूच्या शेतांइतके झाले नाही.

राज्यात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि व्यापाऱ्याला कापूस विकणे बंद होऊन सारा माल खरेदी केंद्रावर न्यावा लागू लागला. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे आणि नंबर यायला कधी दोन-दोन रात्री जात. माझे वडील आणि ती, दोघे गाडीबरोबर जात. थंडीच्या रात्री गाडीखाली गोधडी अंथरून तिने काढल्या आहेत. माप झाल्यावर पैसे मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या नावाने निघत. आधी ते वडिलांचे होते, पुढे माझे झाले. यात त्या केंद्रावरच्या कोणाचा दोष नव्हता, कागद आम्हीच तसा ठेवला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे मोठे अधिवेशन झाले तेव्हा आमच्या भागातूनही काही बाया गेल्या होत्या. तिला जायचे होते, पण ऐन वेचणीचे दिवस असल्यामुळे ती जाऊ शकली नाही. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा असे आवाहन केले. ते मी वाचले, शाळेतल्या सहकाऱ्यांशी त्यावर चर्चा केली, ते योग्य आहे असे मतही दिले. तलाठ्याकडे मात्र गेलो नाही. तिने कधी मागितले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. तिने मागायला हवे होते का, हा प्रश्न आता कोणाला विचारणार?

याहून अधिक बोचणारी गोष्ट जनगणनेची आहे. शिक्षक या नात्याने १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांत मी प्रगणक म्हणून काम केले. १९९१ च्या पत्रकात कामाच्या प्रश्नाबरोबरच छापलेले होते की, स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या उद्योगात बिनमोबदला केलेले कामसुद्धा काम धरावे. प्रशिक्षणात आम्हाला ते वाचूनही दाखवले होते. तरी दारात उभ्या असलेल्या पुरुषाला ‘बाई काय करतात?’ असे विचारायचे, ‘घरीच असतात’ हे उत्तर ऐकायचे आणि त्याप्रमाणे भरून पुढच्या घरी जायचे, असे मी केले. त्या घरांतल्या किती बाया त्या वेळी शेतात होत्या, याची मोजदाद आता होणे नाही. त्याच फेब्रुवारीत एका रविवारी मी गावी असताना माझ्याही घरी प्रगणक आला. तो माझा ओळखीचा शिक्षक होता. ओट्यावर चहा घेता घेता त्याने विचारले आणि मी तेच उत्तर दिले. त्या वेळी ती दादर काढायला शेतात गेलेली होती, आणि जनगणनेच्या त्या पानावर माझ्या उत्तराने ती घरी बसली.

तिच्या जाण्यानंतर सांत्वनाला आलेल्या नातलगांनी तिच्याविषयी फार आपुलकीने सांगितले. खापरावरचे तिचे मांडे किती पातळ होत, पुरणाची पोळी दोन्ही हातांवर फिरवत ती कोपरापर्यंत कशी मोठी करत असे, हिवाळ्यात शेतातल्या काटक्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी ती एका वेळी तीस माणसांना कशी वाढत असे, हे सारे त्यांनी आठवणीने सांगितले, आणि ते खरे आहे. त्या हाताचा तिलाही अभिमान होता. सुरतेहून मे महिन्यात येणाऱ्या नातवंडांना तिच्या बिबड्या आणि कुरडया लागत, आणि गच्चीवर त्या वाळत घातल्या की कावळे हाकलायचे काम ती त्यांनाच द्यायची. आजी म्हणून तिची तऱ्हाच तशी होती. लाड करायची, पण हाताला काम देऊन. धाकट्या नातीला तिने आठव्या वर्षी कपाशीतले एक अख्खे तास, म्हणजे पिकाची एक ओळ, निंदायला दिले होते आणि संध्याकाळी इतर बायांबरोबर तिच्याही हातावर मजुरी ठेवली होती. त्या मुलीने ते पैसे अजून खर्च केलेले नाहीत.

सांत्वनाला आलेले बहुतेक सारे आणखी एक वाक्य बोलले. ‘भरल्या कपाळाने गेली, भाग्याची बाई.’ आपल्याकडे हे म्हणण्याची रीत आहे आणि म्हणणाऱ्यांच्या मनात माया होती, हे मी जाणतो. तरीही तेरा दिवस ते ऐकत असताना मला राहून राहून वाटत होते की, मी मागे उरलो एवढ्यावरच या बाईचे भाग्य का मोजावे. तिच्या भाग्याची म्हणावी अशी गोष्ट माझ्या मते दुसरीच आहे. ती गेली तेव्हा शेतात पहिल्या वेचणीचा कापूस फुटून लोंबत होता आणि घरातल्या कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. दहाव्याच्या दिवशी वाडीतल्या ज्या बाया वर्षानुवर्षे तिच्याबरोबर वेचणीला येत, त्या कोणी न सांगता सकाळी शेतात गेल्या, दव उडेपर्यंत बांधावर बसून राहिल्या आणि मग वेचायला उतरल्या. दोन दिवसांत त्यांनी सारे शेत वेचले, कापूस आणून घरात टाकला आणि मजुरी घेतली नाही. त्यातल्या सर्वांत वयस्क बाईने ओतलेल्या ढिगातली एक सरकी चावून पाहिली आणि मला सांगितले, ‘वाळेल शे, गुरुजी,’ म्हणजे वाळलेला आहे.

त्यानंतर केव्हातरी नातीने माझ्या पत्नीच्या लोखंडी पेटीतून हिशेबाच्या वह्या काढल्या. ती चौथी शिकलेली होती. अक्षर मोठे, शिरोरेघ वाकडी. १९७९ पासूनच्या वह्या आहेत. बियाणे, खत, निंदणीच्या बाया किती, कोणाला किती दिले, पाऊस कोणत्या तारखेला पडला, गाय केव्हा व्याली. मधूनच ‘ह्यांना पास’ अशी नोंद येते आणि पुढे रुपये. शिक्षकाचे पगार त्या काळी तुटपुंजे होते आणि वेळेवर होत नसत, तेव्हा माझ्या रेल्वेच्या पासचे पैसे हरभऱ्यातून गेलेले आहेत. थोरल्या मुलीच्या अध्यापक विद्यालयाची फी कापसातून आणि १९८९ मध्ये खोदलेल्या विहिरीचा पहिला हप्ता तिच्या दोन पाटल्यांतून. माझ्या पगारावर घर चालते आणि शेती आपली जोडीला आहे, असे मी चारचौघांत कितीतरी वेळा बोललो असेन. वह्यांतली बेरीज तसे सांगत नाही. मी वर्गात बहिणाबाई चौधरींच्या कविता शिकवत आलो. आसोद्याची ही लेक शेतकरी होती, तिला लिहिता-वाचता येत नव्हते, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी तिचे बोल उतरवून ठेवले म्हणून ते आचार्य अत्र्यांच्या हाती पोचले आणि तिच्या निधनानंतर १९५२ मध्ये छापले गेले, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगायचो. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माझ्या घरी तर कोणी उतरवून घ्यायचीही गरज नव्हती. तिने स्वतःच लिहून ठेवले होते, मी फक्त वाचायचे होते.

आता जनगणना पुन्हा येत आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झालेली आहे. योगायोगाने २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलेले आहे. आपल्या देशाच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणातही शेतकरी म्हणजे केवळ जमिनीचा मालक असे म्हटलेले नाही. पीक काढण्याच्या कामात जो गुंतलेला आहे तो शेतकरी, मग तो कूळ असो वा मजूर, अशी त्याची व्याख्या आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे की, प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या बाईच्या कामाचे उत्तर तिला स्वतःला देऊ द्यावे, ती शेतात असेल तर तिची वाट पाहावी किंवा ती शेतात आहे एवढे तरी खरे सांगावे. आणि जे माझे व्यवसायबंधू आणि भगिनी या कामावर नेमले जातील त्यांना एका जुन्या प्रगणकाची विनंती आहे की, ‘घरीच असतात’ या उत्तरावर पान उलटू नये. आणखी एक प्रश्न विचारावा. निंदायला कोण जाते, वेचायला कोण जाते, गुरांचे कोण पाहते, एवढे विचारले तरी पुरेल.

आपणाकडेही एक मागणे आहे. निधनवार्ता घेऊन येणारा माणूस दुःखात असतो, त्याच्या हातून नेहमीचेच शब्द उमटतात, जसे माझ्या हातून उमटले. आपल्या तालुका प्रतिनिधींनी अशा वेळी, बाई काय काम करत होत्या, एवढे हळुवारपणे विचारले तर चार ओळींत एक ओळ वाढेल. पुरुषाच्या बातमीत ‘प्रगतिशील शेतकरी’ हे शब्द आपण नेहमी छापता. बाईच्या बातमीत ते माझ्या तरी पाहण्यात फारसे आलेले नाहीत.

येत्या आखाजीला आमच्या घरी तिच्या नावाची पहिली घागर भरली जाईल. थोरली मुलगी सांजोऱ्या करायला आधीच येणार आहे, घागरीवर ठेवायला डांगर म्हणजे खरबूज मिळते का ते मी बाजारात पाहीन. त्याच दिवशी नव्या सालदाराशी बोलणी आहेत, आणि ती या वेळी सून करणार आहे. सहा एकरांपैकी तीन एकर सुनेच्या नावे करण्याचा अर्ज मी तयार केला आहे. त्याला मुलाची आणि दोन्ही मुलींची संमती आहे.

ऑक्टोबरात प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात देण्याचा विचार आहे. तिचा मजकूर नातीने लिहिला असून तो या पत्रासोबत जोडला आहे. नावाखाली तिने ‘शेतकरी’ असे लिहिले आहे आणि त्याखाली ‘१९७१ ते २०२५’. ही साले जन्म-मृत्यूची नाहीत, शेतीची आहेत, हे जुळवणी करणाऱ्यांना कृपया सांगावे, म्हणजे चूक समजून ती बदलली जाणार नाहीत. जागेचे जे शुल्क होईल ते मी आगाऊ भरीन.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव